कॅम्पातल्या हॉटेलातलं जेवण

गजरा,

तुला वाचता येत नव्हतं. म्हणून एवढ्या वर्षांच्या संसारात मी तुला एक ओळही लिहिली नाही. माझी बदली कर्जतकडे झाली होती तेव्हासुद्धा खुशालीचं कार्ड लेकीच्या, शांताच्या नावानं यायचं आणि ती तुला चुलीपुढं बसून वाचून दाखवायची. आता लिहितोय. तेराव्याची माणसं गेली, शांता संगमनेरला तिच्या घरी परतली, मागून आणलेली भांडी ज्याची त्याला पोचती झाली. घरात मी एकटा आहे. बोलायची सवय तुझ्याशीच होती, आणि शाळामास्तराला न बोललेलं लिहून काढण्यापलीकडे दुसरं काही येत नाही.

शाळेत तुझ्यासाठी शोकसभा झाली. सरपंच बोलले, हेडमास्तर बोलले. सगळ्यांनी तुला वीरमाता म्हटलं. मी खाली मान घालून बसलो होतो. तू असतीस तर पदर तोंडाला लावून पुटपुटली असतीस, "कशाची वीरमाता? माजं पोरगं गेलं." हे तू एकदा म्हणाली होतीस, नगरच्या कॅम्पात, लाउडस्पीकरवर तुझं नाव पुकारलं तेव्हा. मी तुला गप्प बस म्हणून खुणावलं होतं.

त्या दिवसापाशीच माझं मन सारखं जाऊन थांबतंय. तू गेलीस त्या दिवसापाशी नाही.

दत्तूला मास्तर करायचं माझ्या मनात होतं. त्याला ते नको होतं. पारनेरच्या बाजाराला म्हणून गेला आणि भरतीत नाव घालून आला. मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. तू मात्र दोन दिवसांत त्याच्या पिशवीत चटण्या बांधायला लागलीस. "शाळंत कोंडून ठिवला आसता तर पळून गेला आसता. त्यापरीस सांगून जातोय, जाऊ द्या," म्हणालीस. हा वाद आपण पुढंही कितीतरी वेळा घातला, तो नसतानासुद्धा. नसतानाच जास्त.

नगरला कॅम्पात असताना तो काही दिवस एका कॅप्टनच्या जीपवर होता. सुट्टीवर आला की त्या जीपच्याच गोष्टी. कॅम्पात एक इंग्रजी हॉटेल होतं, तिथं साहेबलोक सणासुदीला, कुणाचा वाढदिवस असला, कुणाला बढती मिळाली की जेवायला जायचे. तुला आठवतं, तो परातीत पीठ मळणाऱ्या तुझ्या हाताकडं बघत सांगायचा,

"आई, त्याला इस्टेक म्हनत्यात. एकच तुकडा आसतो मटनाचा, पर केवढा! तुज्या भाकरीयेवढा. ना रस्सा, ना कांदा. सुरीनं कापायचा आन् काट्यानं खायाचा."

"आन् संगं?"

"संगं वाटानं. उकडल्यालं."

"मंग त्यात काय लागतं जिवाला?"

"मला काय ठावं? मी भाईर जीपमंदी. नुसता वास येतो. पर वासानंच कळतं." आणि मग हसून म्हणायचा, "हातावर बढतीची फीत आली का पैल्यांदा तुला न्हेनार तिथं. फीतवाल्याला कोन आडीवतंय?"

फीत आली नाही. त्याची पलटण सरहद्दीवर गेली, तो त्याच कॅप्टनच्या रणगाड्यावर ड्रायव्हर झाला, आणि डिसेंबरातल्या लढाईत तो गेला. तार आली. मग एक जवान अस्थी आणि दत्तूची पत्र्याची पेटी घेऊन आला. तो लढता लढता गेला, एवढंच सगळे म्हणायचे. मी त्या जवानाला विचारलं, कसा गेला? तो म्हणाला, मी दुसऱ्या तुकडीत होतो. नगरच्या कचेरीत जाऊन विचारलं. तिथला बाबू म्हणाला, गुरुजी, कागदावर एवढंच आहे. मला वाटायचं, माझा मुलगा कुठं पडला, उताणा का पालथा, त्याला कळलं का, त्यानं कुणाला हाक मारली का, एवढं तरी बापाला कळायला हवं. रात्री मी तेच बोलायचो. तू काहीच विचारायची नाहीस. ऐकायचीस आणि कूस बदलायचीस. त्याचा मला राग यायचा.

पण एक मी विसरत नाही. दत्तूचं सुतक फिटून शाळेत जायची वेळ आली आणि मला वर्गाचं दार ओलांडवेना. हजेरी घ्यायची म्हटलं की पहिल्याच नावाला अडायचो. तू माझ्याबरोबर शाळेपर्यंत आलीस आणि "पडवी लोटायची हाय" असं म्हणून खराटा घेऊन दाराशी बसलीस. पडवी स्वच्छ होती. तरी रोज यायचीस, मी पहिलं नाव घेईपर्यंत थांबायचीस आणि मग घरी जायचीस. कुणी काही म्हणालं नाही. मीही तुला कधी काही म्हणालो नाही.

शिमग्याच्या आधी कॅप्टन दिघे आपल्या दारात आला. उंच, पोरसवदा, दत्तूपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणाला, "दत्तात्रय माझ्या गाडीवर होता." तू चुलीजवळून उठून आलीस आणि त्याच्याकडं बघत राहिलीस. पलटणीत गेलेल्यांच्या घरच्यांचा सत्कार होता, त्याचं आमंत्रण द्यायला तो आला होता. म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही दोघं माझे पाहुणे. दुपारचं जेवण माझ्याबरोबर."

तू विचारलंस, "सायेब, कुठं जेवायचं?"

"तुम्ही म्हणाल तिथं, आई."

"मंग त्या इंग्रजी हाटेलात न्या मला. जिथं त्यो तुमाला घिऊन यायचा."

त्याचा चेहरा एकदम उतरला. मला भुई दुभंगावीशी वाटली. तो "हो, नेतो," म्हणाला आणि चहा अर्धा टाकून गेला.

तो गेल्यावर आपलं भांडण झालं. मी म्हणालो, लाज नाही वाटत, परक्या माणसाकडं असलं मागायला? आपलं काय काम तिथं? तू पाणी भरत होतीस. हंडा खाली ठेवून म्हणालीस,

"कशाची लाज? माज्या लेकानं न्यायचं कबूल केलंतं."

"दत्तूनं केलं होतं. हा कोण?"

"शेवटाला त्याच्याजवळ ह्योच हुता न्हवं?"

 आणि खरं सांगायचं तर मलाही जायचंच होतं. तुला हॉटेल बघायचं होतं, मला त्याला एक प्रश्न विचारायचा होता. एस.टी.त बसल्यापासून मी तो मनात जुळवत होतो. शब्द कुठले वापरायचे, कुठून सुरुवात करायची.

सत्कार झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला. तुझ्यासारख्या आणखी बाया होत्या, काहींच्या कडेवर लेकरं होती. एकीचं कुंकू पुसलेलं कपाळ इतकं कोवळं होतं की तू तिच्याकडं पाठ करून बसलीस. मग कॅप्टनच्या जीपमधून आपण हॉटेलवर गेलो. पुढं एक लिंबाचं झाड होतं. त्याखाली दोन जीपा उभ्या होत्या आणि एक ड्रायव्हर टोपी तोंडावर घेऊन पेंगत होता.

"हितंच का?" तू विचारलंस.

"हो. इथंच लावायचा," कॅप्टन म्हणाला.

तू त्या सावलीत जाऊन उभी राहिलीस. हॉटेलच्या दाराकडं तोंड करून. आतून तळल्याचा वास येत होता. आम्ही दोघं पायऱ्यांशी थांबलो. मग तू पदर सारखा केलास आणि आमच्या पुढं होऊन पायऱ्या चढलीस.

आत पंखे फिरत होते. पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, काचेचे पेले, पेल्यांत उभे खोवलेले रुमाल. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या बाया आपल्याकडं बघून बोलायच्या थांबल्या आणि पुन्हा बोलायला लागल्या. वेटरनं माझ्या धोतराकडं पाहिलं, कॅप्टनच्या गणवेशाकडं पाहिलं आणि खुर्ची ओढून दिली. तू खुर्चीच्या कडेवर बसलीस, एस.टी.त बसायचीस तशी.

मी कॅप्टनच्या कानाशी लागून विचारलं, "साहेब, ते मोठ्याचं तर नसेल ना?"

"नाही मास्तर. मी कालच सांगून ठेवलंय. बोकडाचं, मांडीचं."

तू ऐकलंस. "आवं, त्यांनी इचार केला आसंल की," म्हणालीस. माझ्या आधी तुझा त्याच्यावर विश्वास बसला होता.

ताटं आली. दत्तूनं सांगितलं होतं तसंच. एक जाड तुकडा, वर काळी मिरी, बाजूला उकडलेले वाटाणे आणि बटाटा. तू काटा खुरप्यासारखा धरलास. सुरी तुकड्यावरून घसरली आणि बशीवर वाजली. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी हसलं असावं, किंवा मला तसं वाटलं. कॅप्टन उठला, तुझ्या खुर्चीशी वाकला आणि तुझ्या ताटातलं मटण लहान लहान कापून द्यायला लागला, लहान मुलाला द्यावं तसं. तू त्याच्या हातांकडं बघत होतीस. सुरी आत गेली तसं आतून तांबूस पाणी आलं आणि पांढऱ्या बशीवर पसरलं.

मला पुढचं सोसेना. हात धुऊन येतो म्हणून मी उठलो.

मागच्या पडवीत नळ होता. मी तोंडावर पाणी मारलं.  तिथं कुंपणाला मेंदी लावलेली होती, तिच्याकडं बघत मी उभा राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे. मी माझा प्रश्न पुन्हा मनात म्हणून पाहिला. आता आत जायचं आणि विचारायचं, असं ठरवून परतलो.

आत आलो तर कॅप्टनची मान खाली होती. डोळे लाल झाले होते. तुझा डावा हात त्याच्या मनगटावर होता. कापलेल्या तुकड्यांतला एक तू बोटांनी उचलून त्याच्या बशीत ठेवत होतीस, आणि तो लष्करातला अधिकारी, एवढ्या लोकांत, तो तुकडा हातानं उचलून खात होता.

मी बसलो. माझं मटण गार झालं होतं, वर पांढरी चरबी धरली होती. मी म्हणालो, "साहेब, मला एक विचारायचं होतं. आमचा दत्तू..."

"मास्तर," तू म्हणालीस, "आता न्हाई."

चार माणसांत तू मला कधी अडवलं नव्हतंस. घरात काय वाटेल ते बोलायचीस, पण बाहेर कधी नाही. मी तुझ्याकडं पाहिलं. तू पुन्हा म्हणालीस, "आता न्हाई. जेवून घ्या." कॅप्टननं एकदा तुझ्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मी जेवलो नाही. तू तुझ्या बशीतलं सगळं संपवलंस. उकडलेला वाटाणासुद्धा ठेवला नाहीस.

परतीच्या एस.टी.त मी म्हणालो, "रडत होता तो."

"मानूसच हाय."

"काय बोललात?"

"काय न्हाई."

"दत्तूचं काही सांगितलं त्यानं?"

तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. सुपं गाव मागं पडलं, उतारू उतरले, गाडी रिकामी झाली. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणालीस, "सांगीन मी. आता न्हाई, पर सांगीन."

त्यानंतर मी तुला किती वेळा विचारलं असेल! कधी सरळ, कधी रागानं, कधी दुसरंच काही विचारतोय असं दाखवून. "सांगीन." दर वेळी तेच. मग मी विचारायचं सोडलं आणि मनात धरून बसलो. माझ्या मुलाचं मरण तुझ्यापाशी होतं आणि ते तू मला देत नव्हतीस.

त्या साली पाऊस आला नाही, पुढच्या सालीही नाही. वर्गातली निम्मी पोरं आईबापांमागं खडीच्या कामावर गेली. उरलेली सुकडीचा खाऊ वाटायच्या वेळेला यायची. आपली विहीर आटली, गाय शांताकडं धाडली. रेशनचा लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, तू दळून आणायचीस आणि भाकरी तव्यावर फाटली की तव्यालाच शिव्या द्यायचीस. त्या दिवसांतसुद्धा तुझा कॅप्टन यायचा. नगरला काही काम निघालं की वाट वाकडी करून पारनेरकडं. एकदा तो आला तेव्हा आपल्या घरी एकच कोंबडी राहिली होती, अंड्यावरची. तू ती कापलीस.

मी आत येऊन म्हणालो, "तो आपला कोण लागतो?"

"कोनी न्हाई."

"मग?"

"मंग काय? येतोय न्हवं दारात? ज्याला यायचं न्हाई त्यो येत न्हाई." आणि पाट्यावर मसाला वाटायला लागलीस.

तो मिलोची भाकरी आणि कोंबडीचा रस्सा खाली मान घालून खायचा. तू समोर बसून त्याच्याशी बोलायचीस. त्याची आई, त्याचं लग्न, त्याच्या पाठीचं दुखणं. माझ्याशी महिन्यात बोलली नसशील तेवढं तू त्याच्याशी एका दुपारी बोलायचीस. मी बाहेर ओट्यावर वह्या घेऊन बसायचो. जाताना तो माझ्या पाया पडायचा. मी पाय जरासा मागं घ्यायचो. तो ते बघायचा, आणि तरी पुढच्या वेळी पुन्हा वाकायचा. मला वाटायचं, साहेब आहे, रीत म्हणून करतोय. तुला मात्र दत्तूच्या जागी कुणीतरी मिळालंय, मला नाही, असंही वाटायचं. हे मी तुला बोललो नाही. तू ओळखलं असशीलच.

मग यंदा तुझे डोळे पिवळे झाले. तू म्हणालीस, कावीळ आहे, उतरेल. वैदूचं औषध झालं, कुणी सांगितलं म्हणून पथ्य झालं. मी नगरला चल म्हणत होतो, तू म्हणत होतीस, तिथं लोक मरायला जातात. यावरही आपण भांडलो. शेवटी शांता आली आणि तिनं तुला उचलूनच एस.टी.त घातलं. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. भांडणात आठ-दहा दिवस गेले होते, त्यांचं काय करू?

एका सकाळी तुला जरा हुशारी वाटली. शांता चहा आणायला गेली होती. खाटेपाशी आपण दोघंच. मी काही विचारलं नाही. तूच म्हणालीस, "तुमाला सांगायचं ऱ्हायलंय."

मी म्हणालो, "सांग."

"सांगते की." आणि पाणी मागितलंस. मी पाणी दिलं. तू ते घोटभर प्यायलीस, डोळे मिटलेस. शांता चहा घेऊन आली, नर्स आली, तुला कुशीवर केलं. मी वाट बघत होतो. दुपारनंतर तू मला ओळखलं नाहीस. मला तू "आण्णा" म्हणालीस, तुझ्या भावाला म्हणायचीस तसं. म्हणालीस, "आण्णा, दाजींना जेवाय वाढा."

तेराव्याला मी शांताला म्हणालो, "तुझी आई माझं होतं ते घेऊन गेली." तिला वाटलं, बाप दुःखानं बोलतोय.

काल कॅप्टन आला. आता तो मेजर झालाय, पण तू कॅप्टनच म्हणायचीस. मीच कार्ड टाकून कळवलं होतं. या वेळी जीप नव्हती. फाट्यावर एस.टी.तून उतरून चालत आला. कपाळाला राख लावावी तसा चेहरा धुळीनं भरला होता. तुझ्या फोटोला हार घातला, बराच वेळ भिंतीला टेकून बसला. मीही बसलो. घरात तिसरं कुणी नव्हतं, त्यामुळं कुणीतरी बोलणं भाग होतं.

तो म्हणाला, "मास्तर, आईंनी तुम्हाला सांगितल्यावरसुद्धा तुम्ही मला या घरात येऊ दिलंत. मी पाया पडायचो तेव्हा तुम्ही पाय मागं घ्यायचात. तो तुमचा हक्कच होता. पण दार बंद केलं नाहीत. ते मी विसरणार नाही."

मी म्हणालो, "काय सांगितल्यावर?"

त्यानं वर पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"आई म्हणाल्या होत्या, मास्तरांना तू सांगू नकोस, मी सांगीन."

"तिनं मला काही सांगितलं नाही."

त्याला उठून जाता आलं असतं, गजरा. काहीतरी जुळवून सांगता आलं असतं. मला खरंखोटं काय कळणार होतं? तो मांडी घालून बसला होता, तो दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून ताठ झाला आणि सांगायला लागला.

"आमचा रणगाडा एका ओढ्यात अडकला होता. हलेना. चाकांवरचा लोखंडी पट्टा उतरला असेल असं मला वाटलं. मी दत्तात्रयला म्हणालो, उतर आणि बघ. तो म्हणाला, साहेब, जरा थांबू, समोरून मारा चालू आहे. मी म्हणालो, उतर. तो उतरला." मग थांबून म्हणाला, "पट्टा उतरलेला नव्हताच, मास्तर."

बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली. 

"त्यानं हाक मारली?" मी विचारलं.

"नाही. तेवढा वेळच मिळाला नाही त्याला. हे तुमची समजूत घालायला सांगत नाही. मी वरून बघत होतो."

मी इतकी वर्षं जे मागत होतो ते माझ्यापुढं होतं. कुठं, कसं, कळलं का, हाक मारली का. सगळं कळलं. मला वाटलं होतं, कळलं की छातीवरचं काहीतरी उतरेल. काही उतरलं नाही. हा माणूस माझ्या घरात बसलाय, तुझ्या फोटोखाली, तुझ्या हातची कोंबडी खाऊन गेलेला, आणि यानं माझ्या मुलाला "उतर" म्हटलं होतं.  त्याच्यावर राग आला त्याहून जास्त तुझ्यावर आला. तू हे ऐकलंस, त्या पांढऱ्या चादरीच्या टेबलावर, आणि उठली नाहीस. बशीतलं सगळं खाल्लंस. घरी येऊन माझ्याशेजारी झोपलीस. तुझ्या पोटात हे एवढं होतं आणि तू मिलोच्या भाकरी थापत होतीस.

का सांगितलं नाहीस? मी त्याला पुन्हा उंबरा चढू दिला नसता, हे तुला ठाऊक होतं म्हणून? तसंच असेल, तर तू मला पुरतं ओळखलं होतंस. की मी सोसणार नाही असं वाटलं, पडवीत खराटा घेऊन पुन्हा बसावं लागेल असं वाटलं? मला विचारून तरी बघायचं होतंस. आता याचं उत्तर कुणाला मागू?

मी त्याला विचारलं, "ती काय म्हणाली?"

"त्यांनी हातातला काटा खाली ठेवला," तो म्हणाला. "मला वाटलं, आता उठून जातील. त्यांनी जावं असंच मला वाटत होतं. मग त्यांनी विचारलं, त्या दिशी त्यो जेवला हुता का?"

मी तुझ्या फोटोकडं पाहिलं.

"मी सांगितलं, जेवला होता. सकाळी पुऱ्या आल्या होत्या, बटाट्याची भाजी होती. माझा डबा मागं राहिला होता. त्यानं त्याच्यातल्या अर्ध्या पुऱ्या मला दिल्या. खाली उतरून, गाड्याला टेकून आम्ही दोघांनी खाल्ल्या." त्याचा आवाज फुटला. "तेव्हा आई म्हणाल्या, मंग तू त्याच्या हातचं खाल्लंयस. आता माज्या हातचं खा. आणि त्यांनी तो तुकडा माझ्या बशीत ठेवला."

गजरा, मी कचेऱ्या हिंडलो, बाबूंना विचारलं, देवासमोर बसलो, तुला छळलं. सगळ्यांना मी त्याचं मरण विचारत होतो. तो त्या दिवशी जेवला होता का, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नाही. मी बाप होतो. मी रोज शंभर पोरांना सुकडी वाटत होतो. मला सुचलं नाही.

कॅप्टन उठला. चपला घालताना म्हणाला, "मास्तर, मी पुन्हा आलो तर चालेल का?"

त्याला नुसतं पाणी दिलं होतं. चूल पेटलेली नव्हती. तू असतीस तर त्याला उपाशी जाऊ दिलं नसतंस, एवढं मला कळत होतं, आणि कळूनही मी जागचा हललो नाही. तो वाट बघत उभा राहिला. मग खाली वाकला. मी पाय मागं घेतला नाही, पण त्याच्या डोक्यावर हातही ठेवला नाही. तो फाट्याकडं चालायला लागला.

मी ओट्यावर येऊन बसलो. दिवस मावळायच्या आत शेवटची एस.टी. फाट्यावर थांबल्याचा आवाज आला आणि मग निघून गेल्याचा. मी त्याला ये म्हणालो नाही. येऊ नकोस असंही म्हणालो नाही, गजरा. माझ्याच्यानं एवढंच झालं.